मनातलं पहिलं, सब्जेक्टच्या तोंडून

मानसशास्त्र शिकणाऱ्यांना किस्से शोधत हिंडावं लागत नाही. प्रत्येक प्रॅक्टिकलला आपापला ‘सब्जेक्ट’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, पकडून आणावा लागतो. किस्सा तोच घेऊन येतो!

माझी रूममेट वैशाली सिल्लोडची. तिला एम.ए. करायचंच होतं. तिच्या अण्णांचं मात्र ठरलेलं, बी.ए. झालं की लग्न. हे डोक्यावर असूनही आम्ही वर्षभर इतकं हसलो की बस्स!

*

पहिल्याच तासाला मॅडमनी इतिहास काढला. पूर्वीचे अभ्यासक म्हणे वस्तूचं नाव घ्यायचे नाहीत, फक्त मनाला काय जाणवतं ते सांगायचे. मॅडमनी आमचे शिपाई गफारभाई यांच्या हातात पेरू दिला.

“पेरू म्हणायचं नाही. जाणवतं तेवढंच सांगा.”

“गोल है... थंडा है...” आणि कचकन आवाज!

“अहो, खाल्लात?”

“खाए बगैर कैसा बोलूं मॅडम?”

*

मग स्वप्नांवरून मन ओळखणाऱ्यांचा धडा आला. प्रत्येकानं एक स्वप्न गोळा करायचं होतं. मी औरंगपुऱ्याच्या बाजारात रिक्षावाल्या काकांना गाठलं.

“स्वप्न? पडतं की! हितंच, दुकानासमोर, रिक्षा लावायला मोकळी जागा घावली!”

मॅडमनी वहीत लाल शाईनं लिहिलं, “अतृप्त इच्छा. संपूर्ण शहराची.”

*

बुद्धिमापनाला मी गफारभाईंनाच बसवलं. स्टॉपवॉच दाबेपर्यंत ठोकळ्यांची नक्षी तयार! गुण असे आले की मला घामच फुटला. एवढा हुशार माणूस आम्हाला चहा देतो?

गफारभाई म्हणाले, “बीस साल से येच ठोकळे जमा रा हूं, बेटा!”

तेव्हापासून त्यांना सब्जेक्ट म्हणून बंदी.

*

शेवटी आलं आजच्या काळातलं, मोबाइलमधलं मानसशास्त्र. वैशालीच्या ॲपनं विचारलं, “आज कसं वाटतंय?” ती सुट्टीला घरी गेलेली, फोन अण्णांच्या हातात. त्यांनी टाइप केलं, “मका भिजला. डोकं फिरलंय.”

ॲप म्हणालं, “डोळे मिटा. खोल श्वास घ्या.”

अण्णा कडाडले, “हे शिकाया पाठवलं व्हय तुला? परीक्षा झाली की सामान बांध. त्याच रविवारी तुला बघाया पाव्हणे येणारेत!”

*

प्रॅक्टिकल परीक्षेला सामान न्यायला अण्णा स्वतः हजर. नेमका वैशालीचा सब्जेक्ट गायब! तिचा मामेभाऊ चितेगावच्या कंपनीत, त्याला शिफ्ट सोडेना. बाहेरून आलेले परीक्षक कडक. “सब्जेक्ट नाही तर मार्क नाहीत.”

पोरगी रडायला लागली. अण्णा गुरगुरत खुर्चीवर बसले. “इचार काय ते.”

तिनं सूचना वाचली. “मी शब्द म्हणेन. मनात पहिला येईल तो शब्द लगेच सांगायचा. सांगितलेला शब्द बदलता येणार नाही.”

“पाणी?”

“हीर.”

“रस्ता?”

“खड्डे!”

“रात्र?”

“पाण्याची मोटार!”

अण्णांना आता मजा यायला लागली होती. पुढं सरकून बसले, मिशीत हसायलाही लागले. सगळ्यांना एकच यादी होती, माझ्यापुढंही तीच. पुढचा शब्द ‘दिवा’ होता. वैशालीनं यादीवरून नजर उचलली.

“लग्न?”

“नंतर!”

वैशालीनं भराभर लिहून घेतलं. अण्णांचं हसू गेलं. ते परीक्षकांकडं वळले.

“सायेब, हा शब्द यादीत व्हता का?”

परीक्षकांनी चष्मा पुसला. यादी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली.

“होता,” ते म्हणाले आणि वैशालीचा कागद अण्णांपुढं सरकवला. “सही करा.”