ओखरान मुकादमाचं ‘कुणामुळे’

आमच्या ह्यांना एकच खूळ. आपण मिसर देशात गुलाम झालो ते कुणामुळे? बाकीची माणसं विटांच्या खड्ड्यावरून आली की पाय धुतात, मसुराचं कालवण ओरपतात आणि आडवी होतात. ओखरान मुकादम मात्र पायाचा चिखलही न धुता दारात बसणार आणि बेरेदची वाट बघणार. बेरेद शेजारच्या खड्ड्याचा मुकादम. यहूदा आणि योसेफ भाऊ-भाऊ, आमचे पूर्वज; आम्ही यहूदाच्या घराण्यातले, तो योसेफाच्या. तो आला की झालं सुरू.

“भावाला विकून टाकू, हे तुमच्या यहूदानंच सुचवलं ना?” बेरेद म्हणणार. “योसेफ खड्ड्यात पडून टाहो फोडत होता आणि तुमचा मूळपुरुष वर बसून भाकर खात होता. भावाला गुलाम केलंत, आता भोगा!”

“भोगतोय की! पण आपल्याला इथं आणलं कुणी?” ह्यांचा आवाज चढणार. “तुमच्या योसेफानं. इथं राजाचा कारभारी झाला आणि सगळ्या भावांना बोलावून घेतलं. दुष्काळात धान्य देऊन मिसरी लोकांची गुरं घेतली, जमिनी घेतल्या, शेवटी माणसंसुद्धा राजाच्या पदरात टाकली. धान्य दिलं की माणूस विकत मिळतो, हे इथल्या राजांना शिकवलं कुणी?”

मग कधीतरी सगळ्यांचा मूळपुरुष अब्राहाम निघायचा. देवानं त्याला म्हणे आधीच सांगून ठेवलं होतं, तुझी पोरंबाळं परक्या मुलखात राबतील. एकदा मी आतून ओरडले, “आधीच ठरलं होतं ना? मग भांडता कशाला? या, गिळा आता!”

तर हे म्हणतात, “तसं कसं, अतारा? ठरलं होतं, पण का ठरलं?”

कपाळ माझं!

माणूस तसा लाखात एक हो. मुकादम असून कधी कुणावर काठी उगारली नाही. कुणाला ताप असला की त्याचा चिखल हे स्वतः तुडवायचे. म्हणून तर माझा जीव जास्त जळायचा. कारण विटा कमी भरल्या की मिसरी दरोगा मजुरांना नाही मारत, आमच्यातल्याच मुकादमाला आडवा घालतो.

आणि राजाचा हुकूम आला. आजपासून भुसा मिळणार नाही, ज्याचा त्यानं आणायचा. विटा मात्र पूर्वीइतक्याच पाहिजेत. भुशाशिवाय वीट धरते होय? वाळली की तडकते. आम्ही बायका रानोमाळ धसकटं उपटत हिंडलो. हातांची सालटी निघाली, पण मिळाले ते काटे. बेरेदच्या लोकांना तेवढं पाटाकडेला कापलेलं गव्हाचं शेत सापडलं. त्यांच्या खड्ड्यावर ढीग लागले.

मी सरळ बेरेदकडे गेले.

“देतो की वहिनी, नाही कुठं म्हणतोय,” तो म्हणाला. “फक्त ओखराननं चारचौघांत एकदा म्हणावं, दोष यहूदाचा. बस्स.”

मी पळत घरी आले. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “अर्धा दोष म्हणतो,” म्हणाले.

“अहो, अख्खा म्हणा ना! यहूदा कधीच मातीत गेला, त्याचं काय जातंय? पाठ तुमची आहे!”

“पाठ माझी आहे म्हणून खोटं बोलू?”

खोटं कसलं डोंबलाचं! ह्यांच्या मनात दोष अख्खा यहूदाचाच होता, मला काय ठाऊक नाही? पण बेरेदसमोर कबूल करायचं? जीभ झडली असती जणू! मी रडले, भांडले, पाया पडले. माणूस हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवण घेऊन गेले, तर दरोग्यानं ह्यांना खड्ड्यातल्या चिखलातच पालथं पाडलं होतं. चाबूक चालू होता. हे ओरडत होते आणि वर काठावर बेरेद त्याच्या माणसांबरोबर जेवायला बसला होता. माझं डोकंच फिरलं.

“काय रे बेरेद!” मी किंचाळले. “भाऊ खड्ड्यात, आणि तू काठावर! कशी लागतेय भाकर?”

बेरेदचा घास तोंडातच राहिला. दरोगा गेल्या गेल्या तो खाली उतरला आणि ह्यांना पाठीवर घेऊन घरी आला. संध्याकाळी धसकटांचे भारे दारात टाकले. ह्यांच्या उशाशी बसून ढसाढसा रडला. मी पाठीला तेल लावत होते. वाटलं, सुटले एकदाची, आता तरी हा विषय संपला.

“तू कालच भुसा दिला असतास तर…” हे पडल्या पडल्या पुटपुटले.

“तू एक शब्द बोलला असतास तर…” बेरेद डोळे पुसत म्हणाला.

“म्हणजे मार माझ्यामुळे पडला?”

“मग काय माझ्यामुळे?”

मी तेलाची वाटी आपटली. “अरे, भुसा कुणी बंद केला? चाबूक कुणाचा होता? आपली पोरं वाढली म्हणून धास्ती कुणी घेतली? इतकी वर्षं घसा फोडताय, पण ह्या दारात फारो राजाचं नाव एकदा तरी निघालंय का?”

 बेरेद उठला, चपला शोधू लागला. ह्यांनी चटईवरून कशीबशी मान वर केली. पाठीतून अजून रक्त येत होतं.

“बरोबर आहे तुझं, अतारा,” म्हणाले. “पण फारोला तरी ही बुद्धी कुणामुळे झाली?”

बेरेद पुन्हा खाली बसला.