आत्याबाईंच्या आवाजात

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. आणि कप नीट धरा, मधे कुठं अंगावर काटा आला तर माझी चादर खराब नको.

माझी सासू गेली त्याला आता वर्ष होत आलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. बाई जबरदस्त. आवाज असा की पाथर्डीच्या स्टँडवर बोलल्या तर आमच्या गावातल्या म्हशीनं कान टवकारावेत. आणि चौकशीची हौस किती? दारात मीटर बघायला आलेला माणूस असो की भांडीवाली, तू कुणाचा, आजोळ कुठलं, लग्न का राहिलं, हे सगळं कळल्याशिवाय त्याला पाणी मिळायचं नाही.

तर आत्याबाई गेल्या, पण त्यांचा मोबाईल मागं राहिला. गॅसचं बुकिंग त्याच नंबरवर, त्यांचं आणि मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बँकेतलं खातंही त्याच नंबरला जोडलेलं. बंद करायचा तर चकरा मारून चपला झिजायच्या. म्हणून तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर चार्जिंगला लावलेला असतो.

मी घरी शिलाई मशीन चालवते. आमचे हे सकाळीच कांद्याच्या गोण्या भरून टेम्पो घेऊन नगरला जातात, मामा चावडीजवळच्या लिंबाखाली बसायला. भर दुपारी घरात मी एकटी. गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. वरचा पत्रा तापून मधेच टक्‌ करून वाजतो. आणि अशात फळीवर मेलेल्या माणसाचा फोन वाजायला लागतो, त्यांनीच लावलेल्या आरतीच्या सुरात. तुम्ही काय केलं असतं?

"गयाबाई बोलतायत का?"

पहिल्या वेळी माझ्या हातातली कात्री पडली. मग सवय झाली. कधी कर्ज, कधी विमा, कधी प्लॉट, कधी गुडघ्याचं तेल. मी रोज सांगायचे, बाबा, त्या वारल्या. त्यावर एक पोरगी म्हणाली, ओके मॅडम, मग त्या कधी फ्री असतील?

आता कायमच्याच फ्री आहेत, म्हटलं. तर तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

शेवटी एक जण अडूनच बसला. गयाबाईंशीच बोलायचंय, दुसऱ्या कुणाशी चालत नाही. माझं डोकं तापलं. आता मला लहानपणापासून नकलांची खोड. शाळेतल्या बाईंपासून लग्नातल्या भटजीपर्यंत कुणाला सोडलं नाही. थांबा, देते, असं म्हटलं, जरा वेळ जाऊ दिला आणि आत्याबाई होऊन बोलले, "कोन रं तू? कुन्या गावचा?"

त्याची तारांबळ उडाली ते सोडा. पण मशीनखाली झोपलेलं मांजर उठलं, माझ्याकडं नाही, फळीकडं टक लावून बघत राहिलं आणि मागल्या दारानं निघून गेलं. मांजर आत्याबाईंचं होतं. मी तेव्हाच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

पण कुठलं काय, मला चटक लागली. फोनची वाट बघायला लागले. पहिल्यांदा मी मनात जुळवून बोलायचे. नंतर नंतर आवाजच पुढं पळायचा आणि मी मागून ऐकायचे. एका प्लॉटवाल्याला त्या आवाजानं माझ्या लग्नात कुणी कसा मानपानावरून गोंधळ घातला ते सगळं ऐकवलं. ते मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी ह्यांना सहज विचारलं, तर म्हणाले, तुला कुणी सांगितलं? मी विषय बदलला. भीती वाटली, नाही असं नाही. पण मजाही येत होती हो.

आणि मग तो बँकवाला आला. म्हणजे बँकेचं नाव सांगणारा लुच्चा. आजी, तुमची केवायसी राहिलीय, आज खातं बंद होणार, एटीएमवरचा नंबर वाचा. मी त्याला चांगलाच घोळवला. जेवलास का, आई आहे का, पोटात काय दुखतं का. त्याचाही धीर दांडगा. शेवटी वैतागून म्हणाला, आजी, घरात दुसरं कोणी असेल तर त्यांच्याकडे द्या, तुम्ही आहात कुठं?

"म्या व्हय? म्या मागल्या सालीच गेले की. नदीकडंला जाळलं मला. ऊन लई हुतं त्या दिशी."

पलीकडून नुसता त्याच्या पंख्याचा आवाज येत होता.

"एकटीला करमत न्हाई रं बाबा. औंदा म्हाताऱ्याला संगं न्हेनार हाय. तू बी येतो का?"

फोन कट. मी हसून हसून मशीनवर आडवी झाले. आणि तेवढ्यात ओसरीवर काठी पडल्याचा आवाज झाला.

चपलेचा अंगठा तुटला म्हणून मामा त्या दिवशी लवकर घरी आले होते.

खाटेवर जाऊन बसले. ऐकलं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण रात्री भाकरीला हात लावला नाही. सकाळी दाढी करून घेतली, ठेवणीतलं धोतर नेसले आणि पुन्हा खाटेवर आडवे झाले. दुपारी चहा तसाच. तिसऱ्या दिवशीही तेच. हे म्हणाले, दवाखान्यात जाऊ, तर हातानंच नको म्हणाले. शेळीला कोण बघणार, एवढंच विचारलं. बोलताना नजर सारखी त्या फळीकडं.

मी पाणी घेऊन जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाले, "दहाव्याला कावळा शिवत नव्हता, ध्यानात हाय का? तिला काय पायजे हुतं ते आत्ता कळलं."

"काय हवं होतं, मामा?"

"मीच."

म्हातारा माझ्या वात्रटपणापायी अन्नपाणी सोडून मरायला निघाला होता. जन्मभर तोंड दाखवायची सोय राहिली नसती मला. मी पाय धरले, रडले, सगळं सांगितलं. ती मी होते, मी नक्कल करत होते, त्या चोराला घाबरवायला बोलले.

मामांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "पोरी, तिच्या कालवनाची नक्कल तुला इतक्या वर्षांत जमली न्हाई. आवाजाची कशी जमंल?"

मग करूनच दाखवते म्हटलं. ठरवलं होतं की आत्याबाईंच्या आवाजात 'मी मंगल आहे' एवढंच म्हणायचं. तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "अवं, उठा की. भाकरी गार व्हायली."

मामा ताडकन उठून बसले. धोतर सारखं केलं. "आलीस व्हय न्ह्यायला?"

मी घामाघूम. पण आता मागं फिरायची सोय नव्हती. "न्हाई न्हेत. तितं आल्यावर बी तमाखूच मागशाल. गप जेवा."

"मंग त्या पोराला तसं का म्हनलीस?"

"भेव घालाया."

"आसं व्हय," म्हणाले, आणि ताट ओढून भाकरी कुस्करायला लागले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. डोळे पुसत मागं वळले, तर दारात आमचे हे. काखेत रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा, चेहरा पांढराफटक. बायकोच्या तोंडून आईचा आवाज, तोही बापाला दटावताना, ह्यांनी पहिल्या शब्दापासून ऐकला होता.

मी ह्यांना समजावून सांगत होते, तर मामा घास चावत म्हणाले, आई आली हुती तुझी, जेवू घालून गेली.

तेव्हापासून मामा ठणठणीत आहेत. लिंबाखाली जायच्या आधी मला विचारून जातात. पण हे? हे माझ्या समोर मान वर करत नाहीत. जेवण झालं की अंथरूण उचलतात आणि टेम्पोत जाऊन झोपतात. मी कितीदा सांगितलं, देवाची शपथ घेतली. नुसते हो हो करतात आणि गोधडी शोधतात.

काल तिन्हीसांजेला टेम्पो लावून आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. हात जोडले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "आई, मंगलला कवा सोडशील? लई दिस झालं."

मला इतकी कीव आली. अहो, मी मंगलच आहे, आत या, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"आदी हातपाय धू, मंग बोल."

हे मुकाट्यानं न्हाणीकडं गेले. मी दारात तोंडावर हात दाबून उभी. कारण खरं सांगते, ते मी म्हणाले नव्हते.