दोरीचं दुसरं टोक

मंडळी, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

एसी दुरुस्तीच्या कामाला लागून मला आठवडाच झालाय. आज सांगलीत चौथ्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या युनिटचा पंखा बदलायचा होता. आमच्या कामात नवा गडीच बाहेर उतरतो. वस्तादांनी माझ्या कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक आतल्या पलंगाला बांधलं आणि गॅसचं सिलिंडर आणायला खाली गेले.

छज्ज्यावरून खालच्या रिक्षा काडेपेटीएवढ्या दिसत होत्या. पण दोरी आहे म्हणून वाकून वाकून बोल्ट काढले.

आत आलो तर दोरी फरशीवर मोकळी पडलेली.

घरातल्या आजी म्हणाल्या, "आरं बाळा, सारखी पायात येत हुती, म्हणून सोडून ठेवली मी."

वस्ताद आले, दोरी बघितली आणि मटकन खालीच बसले.

संध्याकाळी म्हसवडहून आईचा फोन. "उन्हातान्हात राबण्यापरीस लय बरं बाबा, गारव्यातलं काम हाय तुजं."

मी नुसतं "व्हय" म्हणालो.

उद्या मिरजेत पाचवा मजला आहे. दोरी मी स्वतः बांधीन. पण आत ती कुणी सोडली नाही, हे बाहेर लटकलेल्याला कसं कळायचं? या धंद्यातलं कुणी असेल तर सांगा.