काठीवरचा लाल दिवा

आईच्या काठीला बांधायला मी एक छोटं यंत्र केलंय. काठी पडली की माझ्या खोलीत घंटी वाजते. तेवढ्या भरवशावर दुपारी तासभर पाठ टेकता येईल, एवढीच माझी हाव. मायक्रोकंट्रोलर जमला, सेन्सर जमला. बॅटरी मात्र दोन दिवसांत मान टाकायची.

आज सकाळी यंत्र घेऊन दुकानात गेले, आईच्या काठीचं सांगितलं आणि सगळ्यात मोठी बॅटरी मागितली. दुकानदारकाकांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. "ही बांधलीत तर आईंनाच काठी वाहून न्यावी लागेल," ते म्हणाले. मग माझं सर्किट उलटसुलट करून पाहिलं. "हा लाल दिवा कशाला?"

"चालू आहे ते कळायला."

"कोणाला?"

मी दिव्यावर बोट ठेवून तो झाकून पाहिला.

"यंत्र बहुतेक वेळ झोपलेलंच असतं, ताई. बॅटरी खातो तो हा दिवा. काढून टाका, आहे तीच छोटी बॅटरी कितीतरी महिने जाईल."

घरी येऊन दिवा काढला. काठी मुद्दाम पाडून पाहिली, घंटी वाजली. दुपारी आडवी झाले आणि वाटलं, माणूसही कामाने एवढा दमत नसेल. आपण जागे आहोत हे दाखवता दाखवताच दमत असेल.

डोळा लागत होता, तेवढ्यात पलीकडून आईची हाक आली, "आहेस ना गं?"

काठी पडली नव्हती.

"आहे गं," मी म्हटलं.

थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, "आहे गं." या वेळी तिने विचारलंही नव्हतं.