रिकाम्या फाटकातली गर्दी

आमच्या एमआयडीसीतल्या पंपांच्या कारखान्याचा भोंगा अजून रोज पाचला वाजतो. आतली यंत्रं केव्हाच थांबलीत, चिमणीवर घारीनं घरटं केलंय. पण भोंगा चुकवायचा नाही, असा वरून हुकूम आहे म्हणे.

काल फाटकासमोरच्या टपरीवर चहा पिता पिता मी मोबाइलवर याच कंपनीचा शेअर पाहिला. पुन्हा हिरवा! माझ्याकडेही थोडे आहेत. विकायचे असं रोज ठरवतो आणि तो हिरवा आकडा पाहून थांबतो.

"मावशी, कंपनीचा भाव वाढलाय," मी टपरीवाल्या मावशींना म्हणालो.

"असेल बाबा. आतून तर काही ऐकू येत नाही."

भाव म्हणजे कंपनीची नाडी, असं मी समजत आलो. पण हे ठोके आहेत कुणाचे? हे फाटक कधीच न पाहिलेल्या, लांब कुठेतरी बसलेल्या माणसांचे. जो तो दुसऱ्याकडे बघून म्हणतोय, आत कुणीतरी असेलच की. आणि तेवढ्या भरवशावर आतलं मढं उठून बसलंय.

इतक्यात भोंगा झाला. मावशींनी सवयीनं पातेल्यात पाणी वाढवलं. वॉचमननं दोन्ही दारं सताड उघडली आणि अंग चोरून कडेला उभा राहिला.

बाहेर कुणीच आलं नाही.

आणि माझ्या लक्षात आलं, वाटेत नको म्हणून मी माझी स्कूटर केव्हाच बाजूला घेतली होती.