हात थांबला की किरकिर

“हात चालू असला की मन ठिकाणावर राहतं,” आत्या उठताबसता म्हणायची. तिचा हात कधी थांबलेला कुणी पाहिला नव्हता. फोनवर बोलता बोलता ती टेबल पुसायची, आणि पाहुण्याचं बटण लोंबताना दिसलं तर गप्पा न तोडता टाचून द्यायची.

ही बाई निवांत बसायची ती फक्त वाचताना. अंधांच्या ग्रंथालयासाठी ती जाडजाड कादंबऱ्या मोठ्यानं वाचून लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करायची. समोर पुस्तक उघडं, दोन्ही हात मांडीवर, आणि आवाज असा, की खोल पाण्यात कळशी सावकाश भरत जावी.

एक दिवस ग्रंथपालबाईंचा फोन आला. “तुमच्या वाचनामागे रातकिडा ओरडतो. ऐकणारे वैतागलेत. हे पुस्तक स्वच्छ आलं नाही, तर पुढचं दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.”

झालं! आत्याचा जीव टांगणीला लागला. तिनं ध्वनिमुद्रण परत परत ऐकलं, पण तिला किडा काही सापडेना. तिच्याकडे राहणाऱ्या भाचीनं हेडफोन कानाला लावला मात्र, तिला लगेच ऐकू आला. आत्याचं वाक्य संपलं की मागून बारीक किर्र.

मग घर उलटंपालटं झालं. फ्रिज बंद झाला, भिंतीवरचं घड्याळ उशांखाली गेलं, लॅपटॉपखाली घोंगडी आली. किडा जागचा हलेना. लॅपटॉप दुकानात नेला, तर दुरुस्तीवाल्यानं त्याच्या आतला पंखा साफ करून दिला, पडद्यावर चार ठिकाणी उघडून पाहिलं आणि म्हणाला, “काकू, माझ्यापुढे तर हा मुका बसतो.”

घरी येऊन आत्या लॅपटॉपला कान लावून बसली. बोटानं पडद्यावरचा बाण गरागरा फिरवत म्हणाली, “कुठे काय वाजतंय? तुझे कान बापावर गेलेत. नाही ते ऐकू येतं.”

“आणि तुझे कान गं?” भाचीच्या तोंडून निसटलं.

आत्याचं बोट थांबलं. तेवढ्यात लॅपटॉप किरकिरला.

“आत्या, हलू नकोस!”

“का? विंचू आहे?”

“आता बोट फिरव. गेला! आता उचल. आला! अगं, तपासताना तुझं बोट सारखं चालू असतं, म्हणून तो गप्प. वाचताना तू हात मांडीवर ठेवतेस, की हा सुरू.”

दोघी तशाच दुकानात गेल्या. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉपवरचे हात काढून घेतले, कान दिला आणि कपाळावर हात मारला. “प्रोसेसरला काम नसलं की वीज वाचवायला तो डुलक्या घेतो. झोपतो, दचकतो, पुन्हा झोपतो. दर खेपेला वीज कमीजास्त होते आणि आतली तारेची गुंडाळी थरथरते. त्याच्या डुलक्याच बंद करून टाकतो. जरा तापेल, बॅटरी लवकर उतरेल, पण किरकिरणार नाही.”

“रिकामा बसला की कुरकुर,” आत्या म्हणाली. “अगदी माझ्या भावासारखा.”

पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. भाची समोर हेडफोन लावून. आत्या वाक्य संपवायची आणि तिच्या तोंडाकडे बघायची. भाचीनं मान हलवली, की पुढचं वाक्य. आजवर कुणाला काही न विचारणारी बाई आता दर पूर्णविरामाला विचारत होती.

ध्वनिमुद्रण पाठवलं आणि फोनची वाट पाहण्यात आत्यानं घरातली सगळी कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. शेवटी फोन वाजला. “किडा गेला. पुढचं पुस्तक घेऊन जा.”

आत्यानं पायांत चपला सरकवल्या.

“मी येऊ?”

“नको. संध्याकाळी घरी राहा म्हणजे झालं. कान लागतील तुझे.”

भाची खिडकीत उभी राहिली. आत्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत, सोडत झपाझप चालली होती. कोपऱ्यावरच्या झाडाखाली ती अचानक थांबली. हात खाली सोडले, मान कलती केली. झाडावर पाखरांचा गलका चालला होता. आत्या तशीच ऐकत राहिली. मग बंद पुन्हा बोटाभोवती गुंडाळला आणि ती वळणाआड गेली. भाची खिडकीतून हलली नाही.