शाल स्वामींच्या तसबिरीला

आमच्या अव्वाच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, असं नात्यात अजून सांगतात. साफ खोटं आहे. पुरस्कार मिळाला तो स्वामींच्या तसबिरीला, आणि मी तेव्हा सोलापुरातल्या त्या सभागृहात दुसऱ्या रांगेत बसले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ तापानं गेला आणि अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, झोपच उडाली. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी ती चुलीपाशी जाऊन बसायची, श्वासाकडे लक्ष देत, मन थाऱ्यावर आणत. कुणी शिकवलं नव्हतं. जे साधलं, जे फसलं, ते तिनं लिहून ठेवलं. भाकरी थापताना जप कसा करावा, रडू आलं तर अडवावं की येऊ द्यावं, सगळं साध्या भाषेत. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते हौसेनं छापून आणलं. प्रस्तावनेच्या शेवटी अव्वानं लिहिलं, ‘हे आमच्या मठाच्या स्वामींनी माझ्याकडून लिहून घेतलं.’ वास्तविक तिनं पहिली ओळ लिहिली तेव्हा स्वामी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“असं का लिहिलंस?” मी विचारलं.

“तसं लिवायचं असतंय की.”

असतंच. जेवायला बोलावताना ‘मीठभाकरी खायला या’ म्हणतात, म्हणून कुणी पानात नुसतं मीठ वाढत नाही. पण आध्यात्मिक वाङ्मयाला पुरस्कार देणाऱ्या त्या मंडळातल्या शहाण्यांनी वाक्य जसंच्या तसं धरलं. अध्यक्ष म्हणाले, खरे ग्रंथकर्ते स्वामीच, बाई केवळ निमित्त. तसबीर खुर्चीवर ठेवली, तिला शाल गुंडाळली, पुढ्यात नारळ. मग परीक्षक उठले. भाषा जरा ओबडधोबड आहे, म्हणाले, बाईंचं शिक्षण कमी, सांभाळून घ्यावं.

म्हणजे चांगलं तेवढं स्वामींचं आणि चुका अव्वाच्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, तर अप्पांनी हात धरून खाली बसवलं. “गप की. स्वामींचा मान हाय.”

स्वामींना मान काय कमी होता? पोर कुणाचं गेलं होतं? रात्रभर आढ्याकडे बघत कोण पडून असायचं?

शेवटी अव्वाला वर बोलावलं, ते फोटोसाठी तसबीर धरायला. पेपरात तो फोटो आला. स्वामी दिसतात, शाल दिसते, आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना बांगड्या भरलेले हात. तोंड तसबिरीमागे झाकून गेलं.

झोप न येणाऱ्या बायकांसाठी तिनं तेव्हा दुसरं पुस्तक लिहायला घेतलं होतं. गल्लीतल्या बायका येऊन विचारायच्या, कधी होणार म्हणून. ते अर्ध्यावर पडलं. मी मागे लागले, भांडले, स्वतः कागद आणून पुढ्यात ठेवले. तिनं ते बाजूला सारले.

“आता स्वामींनाच लिवू दे,” ती म्हणाली.